माझ्या दंडावर देवी उठल्या नाहीत

चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात देवी टोचणारा सरकारी माणूस आला, तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच्याबरोबर मीही दंड पुढे केला. आठ दिवसांनी तो माणूस पाहायला आला, तर मुलाच्या दंडावर टपोरे फोड आणि माझा दंड कोरा. त्यानं मला पुन्हा टोचलं. पुन्हाही काही उठलं नाही.

याचा अर्थ काय ते सांगितल्याशिवाय मी त्याला हलू देईना. तो म्हणाला, देवीशी एकदा झुंजलेलं अंग तिला ओळखून ठेवतं आणि पुन्हा आत शिरू देत नाही. लस टोचायची ती तेवढी ओळख करून द्यायला. फोड उठला की ओळख पटली समजायचं. तुमच्या अंगाला ती आधीच असेल, म्हणून फोड आला नसेल. नाहीतर उन्हातून आणताना लसच मेली असेल. मुलाच्या वेळी जिवंत असलेली लस माझ्याच वेळी कशी मेली, असं मी विचारलं. तुमच्या लसीची नळी वेगळी होती, म्हणाला. मग दोहोंतलं खरं कोणतं?

“ते तुमचं अंगच जाणे, बाई,” असं म्हणून त्यानं पेटी उचलली.

मला त्याचा भयंकर राग आला. माझंच अंग, आणि मलाच पत्ता नाही. लहानपणी मला देवी आल्या होत्या का, हे आईनं सांगितलं असतं, पण ती केव्हाच गेली होती. चेहऱ्यावर वण नव्हता. मात्र हलक्या आल्या तर वण राहत नाही, असंही कुणीकुणी म्हणत.

महिन्याभरात कशेळ्याहून निरोप आला की थोरल्या बहिणीला देवी आल्यात. तिच्या घरात पूर्वी कुणालाच आल्या नव्हत्या, त्यामुळे जवळ जाणारं माणूस नव्हतं. जावं तर माझा मुलगा पोरका व्हायचा, न जावं तर बहीण हातची जायची. दोन दिवस मी नुसती आतबाहेर करत होते. तिसऱ्या दिवशी मुलाला सासूबाईंजवळ ठेवून निघाले, पण काही ठरवून निघाले असं म्हणता येणार नाही.

बहिणीचा नवरा दारातूनच पाण्याचा तांब्या आत सरकवत होता, आणि उठून तो घ्यायची तिच्यात ताकद नव्हती. डोळे सुजून मिटले होते. माझा आवाज ऐकताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. टोचून घेतलंस का, उठल्या का, एवढंच विचारलं. मी उठल्या म्हणून सरळ खोटं सांगितलं. तिला पटेना. दंड चाचपायला तिनं हात पुढे केला. माझ्या दुसऱ्या दंडावर भाजल्याचा जुना डाग होता, त्यावर मी तिचं बोट ठेवलं. बोट थोडा वेळ तिथं फिरलं. मग तिनं तोंड उघडलं आणि मी तिला पाणी पाजलं.

बहीण वाचली. मला काहीच झालं नाही. अंगानं देवीला ओळखलं, की देवीच मला चुकवून गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

मी परत निघाले त्या दिवशी बहिणीनं माझा दंड धरला.

“ह्यो डाग मीच दिलेला नाय का तुला, उलथण्याचा? तवाच वळखला मी.”

हसावं की रागवावं मला कळेना. मग तेव्हाच मला बाहेर का नाही घालवलंस, असं मी विचारलं.

“लई तहान लागली व्हती गं,” ती म्हणाली.