रुईतलं घड्याळ आणि दोंडाईच्याची वाट

दोंडाईच्याला जाऊन घड्याळ विकायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, "मीही येणार."

"तुझं तिथे काय काम?" ह्यांनी विचारलं.

"विकण्याआधी तिथल्या शेठजींना वाजवून दाखवाल ना? तेवढं ऐकायला येते."

ह्यांनी माझीही वळकटी बांधायला काढली. घड्याळ आमच्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि मी ते एकदाही ऐकलं नव्हतं, ही गोष्ट खरीच होती.

हे घड्याळ म्हणजे साधं घड्याळ नव्हे. सोन्याचं, खिशात ठेवायचं, स्वित्झर्लंडचं. कडेला एक खटका आहे. तो सरकवला की आतली बारीक घंटी ठोके देऊन किती वाजले ते सांगते, डोळे मिटलेले असले तरी. जळगावचे एक पारशी मॅनेजर मुंबईला परत निघाले, तेव्हा त्यांच्याकडून ह्यांनी ते घेतलं. घेताना एकदा ऐकलं आणि घरी येऊन डब्यात घातलं. महायुद्धाच्या लढाईमुळे विलायती माल येणं बंद झालेलं, तेव्हा भाव चढणार हे उघड होतं.

आमचे हे कापसाचे दलाल. चांगला माल हाती आला की तो बाजारात न्यायचा नाही, घरात रचून ठेवायचा आणि भावाची वाट बघायची, हा खानदेशातला जुना शिरस्ता. ओटीपासून माजघरापर्यंत कापूस भरलेला, घरातली माणसं अंग खाजवत बाजूला झोपलेली, हे मी माहेरीही पाहिलंय. घड्याळालाही ह्यांनी तोच कायदा लावला. त्या वर्षीची, सरकी काढलेली, उत्तम लांब धाग्याची रुई आणून तिच्यात ते नीट गुंडाळलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, आणि डबा कपाटात. चावी द्यायची नाही, खटक्याला हात लावायचा नाही. "वापरलं की भाव उतरतो," एवढंच उत्तर. मी म्हणायची, "मग माझ्या पाटल्याही कपाटात ठेवा." त्यावर हे हसायचे, पण डबा काही उघडायचे नाहीत.

तर अशा डब्याला घेऊन आम्ही माघातल्या एका सकाळी निघालो. जाताना एरंडोल, पद्मालय, धुळं करत दोंडाईचा आणि येताना आगगाडीनं अमळनेरवरून जळगाव, अशी गोल वाट मी ठरवली. घड्याळ जाणारच आहे तर निदान देवदर्शन तरी पदरात पडावं.

जळगावहून धुळ्याला जाणारी मोटर सध्या पेट्रोलवर नाही, कोळशाच्या गॅसवर चालते. मागे शेगडीसारखी टाकी असते. ती पेटवून फुंकायला बराच वेळ जातो, म्हणून सांगितल्या वेळेला पोचून ताटकळू नका, घरी चहा पिऊन या. पुढची जागा मागून घ्या, भाडं थोडं जास्त पडतं पण धूर आणि ठिणग्यांपासून लुगडं वाचतं. गाडीत पाणी बरोबर असलेलं बरं.

हे काळा कोट घालून, डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "डबामा काय शे भाऊ? तूप?"

"औषध," हे म्हणाले.

झालं! मागच्या बाकावरचे एक आबा पुढे वाकले. "पोट दुखस का? ओवा खा."

"लिंबूना रस ल्या," दुसरं कोणी म्हणालं.

एरंडोल येईपर्यंत ह्यांच्या पोटावर, छातीवर आणि गुडघ्यांवर सगळ्या मोटरीनं इलाज सांगून टाकले. मी तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होते. पाळधीच्या पुढे चढावर मोटरीचा दम संपला आणि पुरुषांना उतरून ढकलायला लागलं. हे डबा घेऊन ढकलणार कसे? नाइलाजानं तो माझ्या हातात दिला. "हलवू नकोस," असं दोनदा बजावून उतरले. मी लगेच डब्याला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. चावीच न दिलेल्या घड्याळाचं काय ऐकू येणार, हे मागाहून डोक्यात आलं.

एरंडोलला उतरून पद्मालयाला बैलगाडी केली. गाडीवान आधी वाटेल ते सांगतो, थोडं पुढे चालून गेलात की स्वतःच हाक मारून कमी करतो. रस्ता झाडीतून जातो आणि थंडीच्या दिवसांत फार गोड वाटतो. देवळाशी कमळांचं तळं आहे आणि गाभाऱ्यात एक सोडून दोन गणपती, एकाची सोंड डावीकडे, एकाची उजवीकडे. मी दोघांनाही हात जोडले. उजव्याला म्हटलं, सौदा चांगला होऊ दे. डाव्याला म्हटलं, होऊ नको देऊस. देवळातली मोठी घंटा ह्यांनी दोन्ही हातांनी वाजवली आणि तिचा नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. हा माणूस नादाचा भुकेला आहे, हे मला तिथे पुन्हा कळलं. आणि तरी घरातली घंटा रुईत कोंडलेली! तळ्याकाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि दुपारची मोटर धरून पारोळ्यावरून धुळ्याला पोचलो.

धुळ्याचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. नवख्या माणसालाही चुकायला होत नाही. मुक्काम ह्यांच्या थोरल्या बहिणीकडे होता. सगळे त्यांना अक्काच म्हणतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हे अगदी लहान होते. अक्कांनीच ह्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता अक्कांना मोतीबिंदूमुळे कमी दिसायला लागलंय, पण स्वयंपाकघर अजून त्यांच्याच ताब्यात आहे. आम्ही गेलो तेव्हा अंगणात कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजत होत्या. ते भरीत, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी! धुळ्यात तुमचं कुणी नसेल तर जाण्याआधी कुणाशी तरी नातं जोडा, कारण हे जेवण खाणावळीत मिळायचं नाही.

वांगी सोलता सोलता अक्का म्हणाल्या, "भाऊ, तुनं ते घड्याळ वाजस म्हणे. माले एक डाव ऐकू दे ना. आते भिंतवरना काटा मना डोळाले दिसतच नही."

हे जरा घुटमळले. मग म्हणाले, "अक्का, ते विकानं शे. उगाच वाजाडीसन झिजाडानं नही."

"बरं भाऊ," अक्का म्हणाल्या. "जेवाले बस."

आवाजात राग नव्हता की रुसवा नव्हता. त्यांनी ह्यांच्या पानात भरिताचा जास्तीचा गोळाही वाढला. पण मला घास गोड लागेना. एवढं चांगलं भरीत आणि मी त्या रात्री पहिल्या भाकरीवरच हात धुतला. ह्यांचं पोटभर जेवण झालं की नाही ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

सकाळी धुळ्याहून दोंडाईच्याची मोटर मिळाली. रस्ता उघड्या माळाचा, धूळ भरपूर. दोंडाईचा आधी नाकाला कळतं आणि मग डोळ्यांना दिसतं, कारण ह्या दिवसांत तिथे मिरची पसरलेली असते. लांबच्या लांब लाल चादरी घातल्यासारखं दृश्य सुंदरच आहे, पण ओला रुमाल जवळ ठेवा. आम्ही शिंकत शिंकतच शेठजींच्या पेढीवर पोचलो.

मला आत शेठाणीबाईंकडे बसवलं. गुळाचा चहा आला. मी दाराच्या चौकटीला टेकून अशी बसले, की बैठक दिसावी आणि कानही तिकडेच राहावेत. शेठजी गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ. ह्यांनी डबा उघडला, रुई बाजूला केली आणि घड्याळाला चावी दिली. मी चहाची कपबशी खाली ठेवली. आता ऐकायला मिळणार होतं आणि त्याच क्षणी ते घरातून जाणारही होतं.

ह्यांनी खटका सरकवला. तो अर्ध्यावर अडला. एक कुर्रकन आवाज झाला आणि पुढे काही नाही. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच.  भर बाजारात गाठोडं सुटावं तसा ह्यांचा चेहरा झाला.

"शेठजी, घेताना वाजत होतं," हे म्हणाले. "मी स्वतः ऐकलंय. पण आता... तुम्हीच काय ते भावात कमी करा."

शेठजी मोठ्यानं हसले. "अहो, कमी कशाला? मला कुठे ऐकायचंय? सोनं आहे, नाव आहे, बस. या, तुम्हाला गंमत दाखवतो."

त्यांनी तिजोरी उघडली. आत मखमलीच्या थैल्या ओळीनं ठेवलेल्या. त्यांनी एकेक सोडून दाखवली. चांदीची, सोन्याची, मिन्याचं काम केलेली, कितीतरी घड्याळं. प्रत्येकाचे काटे वेगळ्याच वेळेला थांबलेले.

"एकालाही चावी दिलेली नाही," शेठजी अभिमानानं म्हणाले. "कोरी करकरीत. लढाई संपेपर्यंत बघा काय भाव येतो." मग बाहेरच्या मुनीमाला हाक मारली, "मुनीमजी, कापसाच्या जिनचा भोंगा झाला का हो? जेवणाची वेळ झाली असेल."

मला हसू आवरेना. शेठाणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. "आमच्याकडे असंच आहे बाई," त्या हळूच म्हणाल्या.

हे मात्र हसत नव्हते. तिजोरीकडे बघत होते. मग त्यांनी आपलं घड्याळ उचललं, डब्यात न ठेवता कोटाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "शेठजी, राहू द्या."

शेठजींना वाटलं, दलाल माणूस, भाव वाढवतोय. त्यांनी वाढवला. हे "नको" म्हणाले. त्यांनी आणखी वाढवला. चढत्या भावाला नाही म्हणणारे हे मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. माझाच जीव वरखाली व्हायला लागला, कारण त्या पैशांत आमच्या मागच्या पडवीवर पक्कं छप्पर झालं असतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही वाटलं, द्यावं.

"भावाचा प्रश्न नाही," हे म्हणाले, "बिघडलेला माल गळ्यात मारणं बरं नव्हे."

शेठजींनी जेवल्याशिवाय काही सोडलं नाही. सौदा मोडला तरी पंगत मोडायची नाही, हा तिथला रिवाज मला फार आवडला.

परतीच्या गाडीला मरणाची गर्दी होती. लढाईच्या दिवसांत आगगाडीत बसायला जागा मिळाली तर ते नशीबच समजा. आम्हाला मिळाली ती आमच्याच वळकटीवर. नरडाणा मागे पडल्यावर मी म्हटलं, "बिघडलेल्या मालाचं कारण शेठजींना सांगितलंत. मला खरं सांगा."

ह्यांनी खिशातलं घड्याळ चाचपलं. मग म्हणाले, "अक्का कधी काही मागत नाही गं. लहानपणापासून मीच तिच्याकडे मागत आलो. काल पहिल्यांदा तिनं मागितलं आणि मी..."   धुळ्यापासून माझ्या मनात साठलेला राग अमळनेर येईपर्यंत ओसरला आणि मी शिदोरीतल्या उरलेल्या दशम्या काढल्या.

जळगावात घड्याळ दुरुस्तीला दिलं. कारागिरानं ते उघडलं आणि आपल्या सोबत्यालाही बघायला बोलावलं. खटक्याच्या फटीतून आत गेलेले रुईचे तंतू त्यानं चिमट्यानं ओढून काढले. "मालक, धागा लांब आहे हो," तो म्हणाला. दोघे पोट धरून हसले आणि हेही बिचारे त्यांच्यात सामील झाले. तरी आतली एक बारीक स्प्रिंग मुंबईहून मागवावी लागली आणि ती यायला दोन-अडीच महिने लागले.

घड्याळ घरी आलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. मी कान पुढे केला, तर हे म्हणतात, "थांब. आधी अक्का." मी तीन वर्षं थांबले होते, आणखी चार दिवस काय मोठं! आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं.

आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्कांचं माहेर म्हणजे आमचंच घर. त्या आल्या, सांजोऱ्या झाल्या, अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला. गल्लीतल्या बायकांनी अक्कांना आग्रहानं झोक्यावर बसवलं. हे कोट घालून बाहेर आले, अक्कांच्या शेजारी उभे राहिले, घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं आणि खटका सरकवला.

अक्कांनी डोळे मिटले. ठोके संपले तरी त्या तशाच बसून होत्या. मग म्हणाल्या, "पाच वाजनात ना रे भाऊ?"

"हा अक्का. पाच."

"आखो एक डाव."

ह्यांनी पुन्हा सरकवला. "आखो," अक्का म्हणाल्या. ह्यांनी पुन्हा सरकवला. झीज, भाव, लढाई, कशाकशाची ह्यांना आठवण राहिली नव्हती. मग अक्कांनीच ते माझ्या कानाला लावलं. देवघरातल्या छोट्या घंटीला नखानं टिचकी मारावी तसा तो नाद होता. एवढ्यासाठी तीन वर्षं थांबले का? हो, आणि पुन्हाही थांबेन.

पडवीवर अजून छप्पर नाही. घड्याळाच्या पाठीवर साखळीचे दोन ओरखडे आलेत. दोंडाईच्याहून आम्ही मिरची तेवढी आणली, बाकी सगळा खर्चच. पण त्या दिवशी शेजारच्या काकू झोक्यापाशी येऊन ह्यांना म्हणाल्या, "सोन्याचं का हो? आज काय भाव असेल ह्याचा?"

"ठाऊक नाही," हे म्हणाले, आणि अक्कांसाठी पुन्हा खटका सरकवला.