खोलीतले साहेब

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका मोठ्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळतात. सरळ माणूस. इतका सरळ, की कधी कधी त्यांना धरून हलवावंसं वाटतं.

त्यांच्याकडे नव्या कारकुनांना मेल लिहायला शिकवतात. मागच्या वेळी एकाने सरावाचं पत्र चुकून सगळ्या ग्राहकांना धाडलं: ‘आपले निधन झाल्याचे कळविण्यास आनंद होतो.’ लोक जिवंत असल्याचे दाखले घेऊन दारात हजर! मग भाऊजींनी वर्गासाठी वेगळी मेल उभी केली. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवला, वर्गातले बाकीचे त्याला जोडले आणि बाहेर जाणारी तार उपटून तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावली. खोलीतली मेल खोलीतच फिरायची. अर्ज कोणाला तरी करायला हवेत, म्हणून ‘साहेब’ नावाचं खातं काढलं. या साहेबांची उत्तरं पुढच्या टेबलावरून भाऊजीच द्यायचे. शिकणाऱ्यांचा हिरमोड नको, म्हणून प्रत्येक रजा मंजूर.

तिथेच घोळ झाला. कार्यालयातले खरे साहेब कुठल्याच अर्जाला उत्तर देत नसत. फार तर ‘बघू’. एका कारकुनाने सरावाची मंजुरी छापून घेतली आणि खुशाल गावी गेला. हजेरी बघणाऱ्या बाईंनी कागदावर ‘साहेब’ आणि ‘मंजूर’ एवढंच वाचलं. हा हा म्हणता सगळं कार्यालय सरावाला लोटलं.

भाऊजी घसा फोडून सांगत, “अहो, हा साहेब खोटा आहे!”

“असू दे की. उत्तर तर देतो!” लोक म्हणत.

इकडे ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारवर आलं होतं आणि भाऊजींचा अर्ज खऱ्या साहेबांकडे धूळ खात होता. मी वैतागून म्हणालो, “भाऊजी, तुमचाच साहेब आहे ना? टाका अर्ज!”

“स्वतःची रजा स्वतःच मंजूर करू? काहीतरीच काय!”

“मी जाईन एकटी,” ताई म्हणाली. तिचा तो आवाज मला सहन झाला नाही.

शुक्रवारी खरे साहेब वर्गात आले. आता आपली खैर नाही, असं भाऊजींना वाटलं. साहेब मागे बसून टाइप करू लागले. त्यांच्याही रजेला वरून उत्तर येत नव्हतं. भाऊजींनी ‘मंजूर’ लिहिलं आणि साहेब थेट थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले. आता ‘बघू’ म्हणायलाही कोणी उरलं नाही.

शनिवारी मी ताईला वर्गात नेलं.

“अगं, तू इथे?” भाऊजी ताडकन उठले.

ताईने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘वर्गात तोंडी बोलू नये. मेल करावी.’ ही पाटी भाऊजींनीच लावलेली, घरी ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झालेली. कीबोर्डला नाक टेकवून, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं:

‘साहेब, सोमवारी माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझ्या नवऱ्याला सोडा. मला भीती वाटते.’

भीती वाटते, हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. भाऊजी पुढच्या टेबलावर तेवढी ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सगळा वर्ग माना वळवून बघत होता. अखेर उत्तर आलं. ताईला अक्षरं दिसेनात, म्हणून मीच मोठ्याने वाचलं:

‘मंजूर. त्यांच्यासोबत मीही येतो.’

सोमवारी कार्यालयात खरे साहेब नव्हते आणि खोटेही नव्हते. खोटे दवाखान्यातल्या बाकावर, ताईच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.