आधी सांगाडा, मग यंत्र

कमरेला कायम मोजपट्टी लटकलेली, म्हणून बांधकामावरचे सगळे तिला टेपताई म्हणायचे. हे नाव ठेवलं गवंडीकाकांनी. वयाने तिच्या बाबांएवढे, पण जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी चौकशी केली होती, "ताई, तुम्ही नक्की शिकताय तरी काय?"

"बांधकाम व्यवस्थापन. पदवीनंतरचं शिक्षण आहे."

"म्हणजे आम्ही बांधायचं आणि तुम्ही बघायचं."

"तुम्ही एकदाच बांधायचं, काका. पाडून दुसऱ्यांदा बांधावं लागू नये, एवढं मी बघायचं."

काका हसले आणि विटेवर वीट ठेवत राहिले.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दीड वर्ष वर्गात बसायचं आणि शेवटचे सहा महिने खऱ्याखुऱ्या कामावर उभं राहायचं. त्यानंतर कामावरचे मोठे साहेब एका कागदावर शेरा लिहिणार आणि पसंत पडलीच तर नोकरीवर ठेवून घेणार. टेपताईने दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. आईने वेड्यात काढलं, मैत्रिणींनी अक्कल काढली. हिचं आपलं एकच, "तिथेच लागणार आहे, उगाच कशाला कागद वाया घालवू?"

इमारत इस्पितळाची होती. तळमजल्यावर मागच्या बाजूला धुलाईची खोली. चादरी धुण्याचं यंत्र यायला अजून वीस दिवस होते. सहा फूट रुंद, आठ फूट लांब, एकसंध, आणि तिरकं करायची सक्त मनाई. हत्तीला दारातून आत घ्यायचं, पण मान वाकवायची नाही, असलं प्रकरण. आणि या खोलीची अंगणाकडची भिंत काका आजच चढवायला घेणार होते.

सकाळी टेपताई त्या खोलीकडे जाणाऱ्या बोळाच्या वळणावर मोजपट्टी धरून बराच वेळ उभी राहिली. मग तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, आजची भिंत थांबवा. यंत्र आत जाणार नाही."

साहेबांनी नकाशावरून नजरही उचलली नाही. "दार साडेसहा फूट, यंत्र सहा फूट. साडेसहातून सहा जातं की नाही? हे कितवीत शिकवतात?"

"जातं ना. पण आधी ते दारापर्यंत पोचायला हवं. बोळ सात फुटी आहे आणि मध्ये काटकोनात वळण आहे. तिथे आठ फुटांचं धूड वळणार कसं?"

"आणि भिंत थांबली की गिलावा थांबतो, गिलावा थांबला की रंगारी हात बांधून बसतात. त्यांना तुम्ही गाणी म्हणून दाखवणार?"

टेपताईने कामाचा तक्ता उलगडला. वर्गात वर्षभर हेच तर घोटून घेतलं होतं, कुठलं काम लांबलं तर इमारत लांबते आणि कुठलं लांबलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. "या भिंतीला पंचवीस दिवसांची सवड आहे. यंत्र विसाव्या दिवशी अंगणातून, उघड्या बाजूने आत घेऊ, उरतात पाच. काका, पाच दिवसांत होईल ना भिंत?"

"तीन दिवसांत," काका दारातून म्हणाले. "चहा धरून."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "दुपारपर्यंत दाखवून द्या. नाहीतर शेऱ्यात लिहीन, अभ्यास चांगला."

अभ्यास चांगला म्हणजे काय, ते तिला पुरेपूर कळलं. शेजारची बाई स्वयंपाक बिघडल्यावर "ताटं छान होती" म्हणते, त्यातलाच प्रकार.

तिने बाबांना फोन लावला. बाबांचा धंदा सामान हलवण्याचा. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या या घरातून त्या घरात. वजनदार वस्तू उचलण्याआधी ते लाकडी पट्ट्यांचा त्याच मापाचा रिकामा सांगाडा बांधायचे आणि आधी तो जिन्यातून नेऊन बघायचे. सांगाडा अडकला तर सुतळी सोडायची, कपाट अडकलं तर डोक्याला हात लावायचा.

"बाबा, आठ फुटी सांगाड्याला आडवी पट्टी किती ठेवायची?"

"मध्ये एक, नाहीतर पोटात वाकतो. का गं? दोन वर्षं शिकून शेवटी माझ्याच धंद्यात आलीस?"

"आले. फोन ठेवा आता."

सुताराकडून पट्ट्या आल्या, तासाभरात सांगाडा उभा राहिला. चौघांनी चार कोपरे धरले, पुढे काका. "सरका, सरका, यंत्रसाहेब येताहेत!" रंगारी भिंतीला चिकटले. सांगाडा मुख्य दारातून आत शिरला, बोळातून लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. इतका सहज, की टेपताईने वळणाचं माप मनात पुन्हा मोजून पाहिलं. मोजपट्टी घट्ट धरून ती मागून चालत राहिली.

वळणावर कोपरा भिंतीला भिडला.

"डावीकडून घ्या," साहेब म्हणाले. डावीकडून घेतलं. "मागे घ्या. आता उजवीकडून." उजवीकडूनही अडला. शेवटी साहेबांनी काकांना बाजूला सारून कोपरा स्वतः धरला आणि जोर लावला. कट्! पट्टी मोडली.

कुणी हसलं नाही. म्हणजे काका हसले, पण तोंड फिरवून.

साहेबांनी हातावरचा भुसा झटकला. "काका, विटा खाली ठेवा."

विसाव्या दिवशी यंत्र अंगणातून थेट उघड्या बाजूने खोलीत गेलं, कुठेही खरचटलं नाही. भिंतीला मात्र चार दिवस लागले.

"तीन म्हणाला होतात, काका."

"चहा जास्त झाला, ताई."

महिनाअखेर साहेबांनी शेऱ्याचा कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती: वेळेवर काम थांबवता येतं. त्याखाली पुढच्या इमारतीच्या नकाशांची गुंडाळी. "सोमवारी येताना वाचून या. यात काय काय अडकतंय ते आधी सांगा."

तिने बाहेर येऊन बाबांना फोन केला. "लागले मी कामाला."

"कसलं काम?"

"सामान हलवायचं. फक्त घर बांधून व्हायच्या आधी."

"बरं," बाबा म्हणाले, "ती मोडलेली पट्टी सुताराला भरून दे. आपल्या धंद्यात तोडफोड आपल्याच अंगावर येते."

"मी नाही मोडली. साहेबांनी मोडली."

"मग राहू दे," बाबा म्हणाले. "जपून ठेव ती."