चौकड्याची लुंगी

सन दोन हजार दोन. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा, अण्णा माझ्याहून थोडा थोरला. आम्ही दोघं हिंजवडीला एका काचेच्या इमारतीपुढे उभे होतो. अण्णाचा मुलगा आत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि त्या दिवशी घरच्या माणसांना ऑफिस बघायला बोलावलं होतं. मी धोतर-टोपीत, अण्णा त्याच्या निळ्या-तांबड्या चौकड्याच्या लुंगीत. गेटवरचा पोरगा लातूरकडचा. मला म्हणाला, "बाबा, तुम्ही जा आत. यांचं जमणार नाही. लुंगी अलाऊड नाही."

अण्णा चिडला नाही. लुंगीचा काठ दोन बोटांत धरून त्यानं पोराला दाखवला. "भाऊ, ह्या कापडासाठी हॉलंडचे गोरे महिनोन् महिने गलबत हाकत आमच्या दारात आले. आणि तू मला दारातून परत पाठवतोस?"

पोरगा गडबडला, पण सोडायला तयार होईना. मग मीही आत गेलो नाही. मुलगा खाली येऊन मनधरणी करून थकला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि वारज्याला परत आलो.

वारजं नुकतंच शहरात गेलं होतं. आमच्या ज्वारीच्या रानात इमारती उठल्या, तेव्हा मी घरामागं चार खोल्या बांधल्या. त्यातल्या कडेच्या खोलीत अण्णा. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेला, बायको वारलेली, मुलाच्या फ्लॅटात जीव रमेना म्हणून वेगळा राहिलेला. सगळे त्याला अण्णाच म्हणायचे. खरं नाव लांबलचक होतं, आणि आमच्या शाळेत चौथीपर्यंत एवढी मोठी नावं शिकवत नव्हते.

त्याचं गाव मद्रासच्या वरच्या अंगाला, पुलिकत. गाव आणि समुद्र यांच्या मधे पाण्याचं एक पसरट सरोवर, कितीतरी ठिकाणी कमरेइतकंच खोल. समुद्राकडे जायची त्याची वाट वाळूनं बुजायची. मग सगळं गाव फावडी-घमेली घेऊन वाळू उपसायचं, आणि समुद्र आत शिरला की म्हातारी माणसंसुद्धा ओरडत पळायची. "पावसात आमचं पाणी गोड, उन्हाळ्यात खारट," अण्णा सांगायचा. "माणसासारखं आहे. चव बदलतं."

संध्याकाळी मुठेवरून वारा आला की तो ओट्यावर डोळे मिटून बोलत राहायचा. मी जन्मात समुद्र बघितलेला नाही. पण त्याचं ऐकता ऐकता समोरच्या बांधकामाची क्रेन मला डोलकाठी वाटायला लागायची आणि वाळूचा ढीग किनाऱ्यासारखा दिसायचा.

तिथल्या चौकड्याच्या कापडासाठी हॉलंडच्या गोऱ्यांनी तिथं किल्ला बांधला होता. पुढं इंग्रज आले, किल्ला गेला, बंदरही गेलं. राहिल्या त्या गोऱ्यांच्या कबरी. त्या कबरस्तानाच्या दाराशी दगडात कोरलेले दोन सांगाडे. अण्णा लहानपणी येता-जाता त्यांना मामा म्हणून हाक मारायचा. त्याची आई मासे धरायची जाळी वाळवायला कबरींवर पसरायची. "ते आमच्या गावावर बसले होते. नंतर आमची जाळी त्यांच्या छातीवर," असं म्हणून तो गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा.

इथवर माझी हरकत नव्हती. पाखरांवर गाडी आली की भांडण. म्हणे थंडीत तिथं माणसाच्या छातीएवढी उंच गुलाबी पाखरं येतात, हजारांनी, आणि एकदम उडाली की आभाळाला कुंकू लागतं.

"लेका अण्णा, गुलाबी पाखरू नसतं. मी उभा जन्म रानात काढलाय."

"तुमच्या रानात नसेल, मालक."

"कुठंच नसतं."

त्यानं कॅलेंडरवरचं चित्र आणून दाखवलं. मी म्हणालो, चित्र काय, रंगवावं तसं होतं.

मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णाचं बोलणंच आटलं. ओट्यावर नुसता बसून राहायचा. मी एकदा चिडवलं, "काय, पाखरं उडून गेली?"

"मुलाला गाव दाखवायचं राहून गेलं," तो म्हणाला. "त्याला वेळ नाही. तुम्ही खोटं म्हणता. मग माझे डोळे गेले की तेही गेलंच ना, मालक?"

मला रात्रभर ते टोचत राहिलं. आमचा एक भाडेकरू इंदापूरकडचा. तो म्हणाला, "तसली पाखरं भिगवणला धरणाच्या पाण्यात येतात की." मी त्याला बजावलं, खोटं निघालं तर खोली खाली कर. आणि अण्णाला घेऊन स्वारगेटला एसटीत बसलो.

भिगवणला पाणी आभाळाच्याच रंगाचं होतं, कुठं कुठलं संपतं ते कळेना. नावाडी हळूहळू बांबू रेटत होता. लांबवर एक फिकट रेघ दिसली. त्या रेघेतून बदकांसारखा कलकलाट आला आणि अण्णानं तिकडं तोंड वळवलं. "आली?"

रेघ हलली, उठली, आमच्या डोक्यावरून गेली. टोपी कधी हातात आली ते मला कळलं नाही.

"बोला मालक. मला धुकं दिसतंय नुसतं."

"हायत."

"काय आहेत?"

"पाखरं."

"रंग?"

नावाडी माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "गुलाबी. पंखाखाली लाल, कडेला काळं. पाय मागं काठीसारखे सरळ."

"चोच?"

"वाकडी. शेंड्याला काळी."

त्यानं मास्तरासारखी मान हलवली. "आता ठीक. तुम्ही हट्टी माणूस. बघितलेलं सोडणार नाही." परतीच्या एसटीत तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला.

उन्हाळ्यात मुलाची बदली परदेशी झाली. कुठं, तर हॉलंडला. अण्णा हसता हसता खोकायला लागला. "आधी कापड न्यायला आले, आता आम्हालाच नेतायत!" निघताना त्यानं धुऊन घडी केलेली एक लुंगी चाचपत माझ्या हातात दिली.

"मी धोतरवाला माणूस. याचं काय करू?"

"ठेवा. गोरे मागायला आले तर देऊ नका." मुलानं त्याच्यासाठी पँट आणली होती, पण अण्णा विमानाला लुंगी नेसूनच गेला. म्हणाला, त्यांना ओळख पटली पाहिजे. परत तो आला नाही.

त्याचं विमान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती लुंगी नेसून दूध आणायला निघालो. कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली पोरं उभी होती. एकजण हसला, "काय आजोबा, आज धोतर कुठं गेलं?"

मी लुंगीचा काठ दोन बोटांत धरला आणि सांगायला लागलो.