काळजीचे इंग्रजी शब्द

नेरच्या मराठी शाळेत शिकलेली मी पुण्यात कॉल सेंटरला लागले, तेव्हा इंग्रजीतल्या काळजीने मला घाम फोडला. आपल्याकडे काळजी करतात, काळजी घेतात, काळजी वाटते; शब्द एकच. शिकवणाऱ्या बाईंनी त्याचे तुकडे केले. गिऱ्हाइकाला ‘वरीड’ म्हणायचं नाही, तो घाबरट ठरतो. त्याचं गाऱ्हाणं म्हणजे ‘कन्सर्न’. ते आपल्याला समजलं एवढंच म्हणायचं, निस्तरायचं कबूल करायचं नाही. ‘टेक केअर’ म्हटलं की फोन ठेवायचा. हे सगळं माझ्या तोंडात लवकरच बसलं. बाई खूश होत्या.

दादा नेरला फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. बोंडअळीने कपाशी पोखरली त्या वर्षी त्याच्या दुकानापुढे पंपांची रांग असे. तुंबलेली नळी तो तोंडाने फुंकून मोकळी करी. आत औषध उरलेलं असायचंच.

एका दुपारी त्याचा फोन आला. डोळे चुरचुरतात, मळमळतं, हात थरथरतो, असं सांगत होता. माझी जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी म्हणाले, “दादा, तुझी काळजी मी समजू शकते. स्वतःची काळजी घे.”

तो म्हणाला, “तू कोणासंगं बोलून राह्यली?”

त्यात राग नव्हता. चुकून दुसऱ्याच कोणाला फोन लागला की काय, असंच त्याला वाटलं असावं. मी काही बोलण्याआधी त्याने फोन ठेवला आणि मी कामावर गेले.

संध्याकाळी वहिनीने कळवलं, त्याला यवतमाळला दवाखान्यात भरती केलंय, औषध अंगात भिनलंय. मी मिळेल ती बस धरली. दादाच्या डोळ्यांवर पट्टी होती. तोंडात ‘सॉरी’ आलं, ते गिळून मी त्याचे पाय दाबायला बसले. हाताच्या स्पर्शावरून त्याने मला ओळखलं.

“काहून आली? पगार कापतीन ना तुया.”

मला तिथं बसवेना. बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

दादा बरा झाला. पंप सोडून आता सायकली दुरुस्त करतो. फोन केला की आधी सांगतो, “मस्त हाय मी,” आणि माझंच विचारत राहतो. हात अजून थरथरतो, हे मला वहिनीकडून कळलं. त्याला विचारायचं मी दरवेळी ठरवते, पण माझ्या तोंडून पुन्हा तसंच काही निघेल या भीतीने गप्प बसते.