ॲक्रेलिकमध्ये हलणारं घर

“रफिकभाई, तुमचं किचन हलून राहिलं,” सर फोनवर म्हणाले.

मी नांदेडला कारखान्यात होतो. किचन करण्यात माझी अर्धी उमर गेली. ड्रॉवर अडकतो, शटर फुगलं, हँडल निघालं, अशा तक्रारी रोजच्या आहेत. आख्खं किचन हलतंय, ही तक्रार नवीन होती. नक्की काय हलतंय, असं विचारलं तर सर म्हणाले, ते येऊन बघा, मिसेसला विचारा, पण लवकर या, आमच्या क्लासच्या रेप्युटेशनचा सवाल आहे. किचनच्या शटरमुळे फिजिक्सच्या क्लासची इज्जत कशी जाते, ते मला कळलं नाही. तरी गाडी काढली आणि लातूरला निघालो.

सर लातुरात फिजिक्स शिकवतात. नुसतं शिकवतात म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. रिंगरोडला त्यांची स्वतःची बिल्डिंग आहे. खाली क्लास, त्याच्यावर क्लास, त्याच्याही वर क्लास. सगळ्यात वरचा मजला पोरांना चढायला जीवावर येतो म्हणून तिथं सर, त्यांची मिसेस आणि लहान मुलगी राहतात. बिल्डिंगच्या तोंडावर टॉपर पोरांच्या फोटोंचं एवढं मोठं फ्लेक्स आहे, की पुढच्या खिडक्या बांधल्या कशाला, असा प्रश्न पडतो. रेणापूरपासून देगलूरपर्यंतचे आईबाप पोरगं घेऊन येतात आणि डॉक्टर झाल्यावरच परत न्यायचं, अशा तयारीनं सोडून जातात.

आता थोडं आमच्या धंद्याचं सांगतो. किचनचं कपाट म्हणजे आत प्लायवूडचा खोका, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बाहेरून दारं, त्यांना आम्ही शटर म्हणतो. फिनिश म्हणजे त्या शटरचं तोंड. साधं आणि टिकाऊ हवं तर लॅमिनेट, म्हणजे आपला सनमायका. त्यात अजिबात चमक नसलेला मॅट मिळतो. मोटारीसारखा रंग मारून हवा असेल तर पीयू. आणि आरशासारखं चकचकीत हवं असेल तर ॲक्रेलिक. ॲक्रेलिकमध्ये बघून दाढी करता येते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला इशारा म्हणून सांगतो, आणि प्रत्येक गिऱ्हाईक ते तारीफ म्हणून ऐकतं.

सरांनी फिनिश निवडायची रीतसर परीक्षा घेतली. सगळे सॅम्पल ऑफिसच्या टेबलावर मांडले, स्टाफला बोलावलं आणि मार्क द्यायला लावले. चुकीच्या उत्तराला निगेटिव्ह मार्किंग. बरोबर उत्तर कोणतं, ते सरांनी आधीच ठरवून ठेवलेलं, कारण नांदेडच्या एका केमिस्ट्रीवाल्या सरांच्या घरी पांढरं ॲक्रेलिक बसलं होतं. स्टाफ हुशार होता. ॲक्रेलिक मेरिटमध्ये पहिलं आलं.

तेवढ्यात सरांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. मी त्यांना ताई म्हणतो. ताई, तुम्हाला यातलं कोणतं बरं वाटतं, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, तिला सगळंच आवडतं. ताईंनी ॲक्रेलिकचा तुकडा उचलला, तोंडासमोर धरला आणि लगेच खाली ठेवला.

“यात लई दिसून राहिलं,” त्या म्हणाल्या आणि मॅटच्या तुकड्यावर हात फिरवत उभ्या राहिल्या.

दिसावं म्हणूनच तर घ्यायचं, सर म्हणाले. मीही मॅटची बाजू मांडून बघितली. फोडणीचं तेल उडतं, बोटांचे डाग पडतात, दिवसभर फडकं हातात धरावं लागेल. पुसायला बाई आहे, सरांनी सांगितलं. स्वयंपाक ताई करणार, पुसणार बाई, बघणार पालक आणि पसंत करणार सर. कामाची वाटणी चोख होती.

किचन आणि हॉलमधली भिंत काढून टाकलेली होती. हॉलच्या मधोमध सरांनी लांब वायरला लोंबकळणारा काचेचा दिवा लावून घेतला. गॅससमोर वरच्या बाजूला कपाटांची रांग, सगळी पांढऱ्या ॲक्रेलिकची. काम झालं तेव्हा खरोखर झकास दिसत होतं. सरांनी व्हिडिओ काढून नांदेडच्या सरांना पाठवला, त्यांनी नुसता अंगठा पाठवला, आणि आमचे सर दोन दिवस त्या अंगठ्याचा अर्थ लावत बसले.

आणि आता हा फोन. पोचल्यावर मी लेव्हलपट्टी लावून बघितली, बिजागऱ्या आवळून बघितल्या, वरच्या कपाटांना धरून लोंबकळायचं तेवढं बाकी ठेवलं. काहीही ढिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. नवीन गॅसवर धुळीचा थर होता आणि मागच्या गॅलरीत जुन्या शेगडीवर वरण शिजत होतं. ताई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. किचनमध्ये पाऊल टाकत नव्हत्या.

“ताई, काय हलतंय?”

“भाई, तुम्ही गॅससमोर उभं राहा. वरच्या दारात बघा अन् थांबा थोडं.”

मी उभा राहिलो. शटरमध्ये पाठीमागचा सगळा हॉल दिसत होता. सोफा, पाळणा, तो लटकणारा दिवा. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. रिंगरोडला भरलेले टँकर जाताना स्लॅब जरासा थरथरतो, हाताला कळणारही नाही इतका. पण शटरमध्ये आख्खा हॉल डुलला. दिवा डावीकडून उजवीकडे गेला आणि परत आला. मी मागं वळून बघितलं, तर दिवा जागच्या जागी.

सरांनी लगेच खिशातून पेन काढला. सोपं आहे, आरसा थोडा फिरला की प्रतिबिंब त्याच्या दुप्पट फिरतं, मी मिसेसला दोनदा समजावलं, आकृती काढून दिली, तरी ऐकत नाही. आकृती फ्रिजवर चिकटवलेली होती. त्या आकृतीखाली कुणी स्वयंपाक करत नव्हतं.

मग ताई बोलल्या. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं, भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावांपैकी एक. तेव्हा त्या लहान होत्या. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहताना सगळ्यांना एक सवय लागली, लटकणाऱ्या दिव्याकडे बघायची. दिवा हलला की उठायचं आणि पळायचं, विचार करायचा नाही. ही सवय मला नवीन नव्हती. आम्ही तर लांब नांदेडला होतो, तरी माझी अम्मी कित्येक महिने पंख्याच्या दांडीकडे बघत जेवायची.

“त्या दिवशी फोडणी टाकून राहिले होते,” ताई म्हणाल्या. “समोर दिवा हलला. मी पोरगी उचलली, वरडत खाली पळाले. गॅस तसाच.”

त्या ओरडल्या ते ‘भूकंप’ असं ओरडल्या. तिन्ही मजल्यांवरची पोरं वह्या टाकून रस्त्यावर आली. एवढ्या झटपट आणि एवढ्या रांगेत तिथली पोरं कधी क्लासमध्येही शिरली नसतील. मग आईबापांचे फोन सुरू झाले. क्लासच्या रेप्युटेशनचा सवाल तो हा.

“सरबी पळाले,” ताई म्हणाल्या. “पोरांच्या म्होरं.”

सर पेन बंद करून खिशात ठेवायला लागले. जिना मोकळा करायला पुढं गेलो होतो, असं ते म्हणाले.

पण भीती वाटली तर मागं वळून खऱ्या दिव्याकडे बघावं ना, सरांनी मला विचारलं, जणू ताई तिथं नव्हत्याच. उत्तर ताईंनी दिलं.

“वळून बघायला थांबलं की संपलं. माझी चुलती थांबली होती.”

मला फार वाईट वाटलं. दिवसातून तीन वेळा चहा, दोन वेळा स्वयंपाक, आणि दरवेळी हिच्या डोळ्यांसमोर घर पडायला सुरुवात होणार. ॲक्रेलिकला दहा वर्षांची वॉरंटी असते. ही बाई इथं दहा दिवस उभी राहू शकत नव्हती.

सरांना तरी उपाय सुचला. ते म्हणाले, शटरवर आपल्या टॉपर पोरांचे फोटो चिकटवू. रिफ्लेक्शन बंद आणि पब्लिसिटी पण.

“मी त्या पोरांच्या तोंडासमोर कांदा परतू का?” ताईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

मी सरांना सांगितलं, खोके तसेच राहू द्या, फक्त शटर बदलू, आणि या वेळी परीक्षा ताई घेतील. सरांनी मान हलवली. नाही म्हणायला त्यांच्याकडे फॉर्म्युला नव्हता.

सॅम्पलची पेटी गाडीतच होती. ताई त्या दिवसानंतर पहिल्यांदा किचनमध्ये आल्या. गॅससमोर उभ्या राहिल्या, पाठ हॉलकडे. एकेक तुकडा वर कपाटाच्या उंचीला धरायच्या आणि त्यात दिवा दिसतो का बघायच्या. पीयू गेला. अर्धवट चमकीच्या सॅटिनमध्ये दिव्याचा अंधुक ठिपका दिसला, तोही गेला. शेवटी एक राखाडी मॅट राहिला, ज्वारीच्या पिठात थोडी राख कालवल्यासारखा. ताईंनी तो बराच वेळ धरून ठेवला. रस्त्यावरून एक ट्रॅव्हल्स गेली. तुकड्यात काहीच दिसलं नाही. हाच लावा, त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, फारच डल आहे. मी म्हणालो, हाव सर, डलच आहे. या किचनमध्ये आता ज्याला स्वतःचं तोंड बघायचंय त्यानं बाथरूममध्ये जावं.

काढलेली ॲक्रेलिकची शटरं सरांनी खाली ॲडमिशनच्या काउंटरला लावून घेतली. पालक फॉर्म भरता भरता त्यात बघून केस नीट करतात. त्यामुळे ॲडमिशन वाढल्या, असं सरांचं निरीक्षण आहे.

नवीन शटर बसवून झाल्यावर मी हत्यारं गोळा करत होतो. ताईंनी मोठ्या गॅसवर कढई ठेवली, तेल टाकलं, मोहरी टाकली. पोरगी मागं पाळण्यात झोपली होती. खालून भरलेला टँकर गेला. सर हॉलमध्ये उभे होते, त्यांनी आधी वर दिव्याकडे बघितलं, मग ताईंना विचारलं, “हललं का?”

“काय?” ताई म्हणाल्या आणि कढईत कांदा टाकला.

तेव्हापासून कोणतं फिनिश बेस्ट, असं कुणी विचारलं की मी सॅम्पल काढायच्या आधी विचारतो, त्याच्यासमोर रोज कोण उभं राहणार? बहुतेक घरांत त्या माणसाला चहा करायला आत पाठवलेलं असतं. मी चहा येईपर्यंत पेटी उघडत नाही.