छबुबाईच्या गाठोड्याची हळद

आमच्या उमापुरातली छबुबाई गाठोडं बांधायला बसली की तान्हं लेकरू दुपट्यात गुंडाळतेय असंच वाटायचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. मागं उरतो आम्ही म्हातारे, शेरडं आणि कुलपं. मग महिन्यातून एकदा हनुमानच्या टेम्पोतून घरोघरचं गाठोडं तिकडच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर, जातं. वर घरच्याच जुन्या लुगड्याचं फडकं, म्हणजे लांबून ओळखू यावं. फडक्याला हळद लावलेली असली तर घरी सगळं बरं. कडुलिंबाची डहाळी खोचलेली असली तर हातातला कोयता टाकून निघायचं. फोन सगळ्यांकडं आहेत, पण फोनवर कुणीही बरं हाय म्हणतं. गाठोड्यावर आमचा भरवसा जास्त.

छबुबाईचा एकुलता एक अजिनाथ आणि सून वर्षाराणी तिकडंच. नवराबायको मिळून एक कोयता. एक जण माघारी आला तर दुसऱ्याचा हंगाम मोडला. म्हणून काखेत आलेला बोराएवढा गोळा तिनं पदराखाली झाकला. मला सांगितलं ते संक्रांतीला, तीळ निवडता निवडता, शेरडू लंगडतंय म्हणावं तसं. तोवर तो सुपारीएवढा झाला होता.

"अजिनाथला कळव," मी म्हणाले.

"पाडव्याला येईलच की. तवर ह्यो कुठं पळून चाललाय?"

आणि गाठोड्याला हळद लागत राहिली.

माझी नात वैष्णवी संभाजीनगरला रक्तातलं काहीबाही शिकते. ती आली त्या दुपारी आम्ही तिघी अंगणात बाजरीच्या खारोड्या वाळत घालत होतो. ऊन मऊ होतं. शेजारी छबुबाईचं गाठोडं तयार होतं, सकाळी जायचं होतं.

ते बघून वैष्णवी म्हणाली, "आजी, अंगातल्या पेशीसुद्धा एकमेकींना अशीच गाठोडी पाठवतात. एक्झोसोम म्हणतात त्यांना."

"बांधतात कशात?" छबुबाईला तेवढ्याचीच काळजी.

"आपल्याच कातडीच्या तुकड्यात. आत निरोप असतो. रोग शिरला की ही गाठोडी जाऊन राखणदार पेशींना जागं करतात."

मला डुलकी लागली असावी. मिटल्या डोळ्यांपुढं गोदावरीचं संथ पाणी आलं, तांबूस, कोमट. त्यावर मोहरीएवढी गाठोडी चालली होती, प्रत्येकाला आपापल्या घरचं फडकं. ना टेम्पो, ना हनुमानची शिवीगाळ. काठाकाठानं राखणदार उभे, हात पुढं केलेले.

"आन् रोगी पेशी?" छबुबाईचा आवाज लांबून आल्यागत आला.

"कॅन्सरच्या पेशी लबाड असतात मावशी. त्याही पाठवतात, घरच्याच फडक्यात. राखणदारांना वाटतं आपलंच आहे. आत निरोप असतो, सगळं बरं आहे, झोपा. मग त्यांचे हात ढिले पडतात."

"म्हंजी हळद लावून पाठवतात म्हण की."

वैष्णवीला काही उमगलं नाही. माझे डोळे मात्र खाडकन उघडले. छबुबाईच्या हातातली खारोडी तशीच राहिली होती.

गाठोडं जवळ ओढत ती म्हणाली, "मीबी तेच करतीय न्हाई का, आक्का?"

"मी संक्रांतीपासून दुसरं काय सांगतीय? माझं ऐकलं न्हाईस, डोळ्याला न दिसणाऱ्या गाठोड्यांचं ऐकलंस!"

तिनं गाठोडं सोडलं. फडकं बदललं. डहाळी मला तोडायला लावली. "माझ्या हातानं तुटंना," म्हणाली. तिची बोटं पिवळीच होती.

सकाळी हनुमान टेम्पोपाशी दचकला. "मावशे, डहाळी चुकून खोचली का?"

"चुकून हळद लागली व्हती, तीन महिने. आता बरुबर हाय. ने."

तिसऱ्या दिवशी अजिनाथ दारात उभा. अंगाला उसाची काजळी, बगलेत न सोडलेलं गाठोडं.

"आरं, आतली धपाटी तरी खायाची!"

"आये, तू आधी चल."

बीडच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत मायलेकांनी तीच धपाटी खाल्ली. गोळा काढला. औषधं चालू आहेत, केस गेले. डोक्याला तिनं लुगड्याचं तेच फडकं बांधलंय, हळदीचं. दुपारी खाटेवर पडते, अर्धवट झोपेतच मला वैष्णवीला फोन लावायला सांगते.

"इचार गं तिला, जागं झालं का माझं राखणदार?"